बँडिंगनंतरचे पंधरा दिवस

रक्ताची उलटी झालेल्या माणसाला रातोरात दवाखान्यात नेलं, दुर्बीण घातली, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना बँड लावले, रक्त थांबलं. चार-पाच दिवसांनी डिस्चार्ज मिळतो आणि घरातले म्हणतात, सुटलो. माणूस घरी येतो, भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते, कोणी सफरचंदं आणतं, कोणी शहाळी. नेमक्या याच काळात, बँड लावल्याच्या पाचव्या दिवसापासून साधारण चौदाव्या दिवसापर्यंत, या उपचारातली सगळ्यात काळजीची गुंतागुंत डोकं वर काढू शकते. तेव्हा जवळ नर्स नसते, डॉक्टर नसतात. असतात ती घरची माणसं. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

मात्र गुंतागुंतींबद्दल वाचून कोणी बँडिंग किंवा जठरातल्या शिरांसाठीचा ग्लूचा उपचार टाळू नये. अशी शीर फुटून रक्तस्राव झाला, तर आजही, चांगले उपचार मिळूनही, पुढच्या सहा आठवड्यांत शंभरातले १० ते २० रुग्ण दगावतात. आणि एकदा रक्तस्राव होऊन गेल्यावर पुढचा उपचार केलाच नाही, तर वर्षभरात तो पुन्हा होण्याची शक्यता ६० टक्क्यांच्या घरात असते. त्यापुढे उपचाराचे धोके फार लहान आहेत. पण ते आहेत, आणि त्यांतले बरेचसे वेळेवर ओळखले तर आटोक्यात राहतात.

दाब तसाच राहतो

आतडी, जठर आणि प्लीहा (पाणथरी) यांच्याकडचं रक्त पोर्टल व्हेन नावाच्या मोठ्या शिरेतून यकृतात जातं. दारू, हेपॅटायटिस बी किंवा सी, मधुमेह आणि लठ्ठपणाच्या जोडीने येणारी फॅटी लिव्हर, अशा कारणांनी यकृत कडक आणि गाठाळ झालं, म्हणजे सिरॉसिस झाला, की या रक्ताची पुढची वाट अडते. यकृताच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या शिरांमधल्या दाबात एरवी ५ मिलिमीटर पाऱ्यापेक्षा जास्त फरक नसतो. तो १० वर गेला की शिरा फुगायला लागतात, १२ च्या पुढे गेला की त्या फुटण्याची भीती असते. अडलेलं रक्त आडवाटेने हृदयाकडे जायला बघतं आणि त्या वाटेवरच्या, अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या आणि जठराच्या वरच्या भागातल्या पातळ शिरांवर सगळा भार येतो.

बँड त्या शिरा बंद करतो; दाब कमी करत नाही. नंतरच्या गोळ्या, पुन्हा पुन्हा दुर्बीण, दारू पूर्ण बंद, हे सगळं कशासाठी, असा प्रश्न घरात निघाला की उत्तर इथे आहे.

सगळ्यांनाच सिरॉसिस असतो असंही नाही. भारतात अशी बरीच मुलं आणि तरुण माणसं दिसतात, ज्यांचं यकृत चांगलं असतं पण पोर्टल व्हेनच गुठळीने बंद झालेली असते. शाळकरी मुलाला अचानक रक्ताची उलटी झाली आणि डाव्या बरगडीखाली पाणथरी वाढलेली लागली, तर हे कारण मनात आणावं लागतं. अशा मुलांचं यकृत धड असल्यामुळे ती रक्तस्रावातून सहसा चांगली सावरतात. त्यांच्या घरच्यांना लोक दारूवरून टोमणे मारतात, ते थांबायला हवं.

इंजेक्शनाकडून बँडकडे

दुर्बिणीतून या शिरांमध्ये औषध टोचण्याचा प्रयोग १९३९ साली स्वीडनमध्ये क्रॅफोर्ड आणि फ्रेंकनर यांनी केला. पुढे, विशेषतः सत्तर-ऐंशीच्या दशकांत, ही स्क्लेरोथेरपी जगभर पसरली. शीर सुकायची, पण औषध आजूबाजूलाही झिरपायचं. ताप, छातीत दुखणं, खोल व्रण, फुप्फुसाभोवती पाणी, क्वचित अन्ननलिकेला छिद्र, आणि काही आठवड्यांनी अन्ननलिका आकसून घास अडकणं, अशी त्याची किंमत होती. अमेरिकेत डेन्व्हरच्या ग्रेग स्टिगमन यांनी ऐंशीच्या दशकात, मूळव्याधीला बँड लावतात तोच विचार अन्ननलिकेत आणला. १९९२ मध्ये दोन्ही पद्धतींची तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हा उपचारामुळे होणाऱ्या गुंतागुंती इंजेक्शनाच्या गटात २२ टक्के आणि बँडच्या गटात २ टक्के होत्या. तेव्हापासून अन्ननलिकेसाठी बँडच पहिली पसंती आहे. अगदी लहान बाळांच्या अन्ननलिकेत बँडची टोपी मावत नाही, तिथे आजही इंजेक्शन द्यावं लागतं.

बँड लावायची रीत साधी आहे. दुर्बिणीच्या टोकावर पारदर्शक टोपी असते आणि तिच्यावर सहा-सात रबरी बँड ताणून बसवलेले असतात. डॉक्टर फुगलेली शीर टोपीत ओढून घेतात आणि तिच्या बुडाशी बँड सोडतात. आवळलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, तो भाग सुकतो आणि काही दिवसांत बँडसकट गळून जातो. शौचावाटे तो कधी गेला हे कळतही नाही. काही बँड लेटेक्सचे असतात. रबरी हातमोजे किंवा फुगे यांची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगा.

पहिले दोन-तीन दिवस

बँड लावल्यावर छातीच्या मधल्या हाडामागे दुखणं, घास खाली उतरताना अडकल्यासारखं वाटणं, हे बऱ्याच जणांना होतं आणि दोन-तीन दिवसांत ओसरतं. तरीही रुग्ण वयस्क असेल, मधुमेही असेल, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात जात असेल, घाम फुटत असेल, तर ते बँडमुळेच असेल असं गृहीत धरू नका. ईसीजी काढून घ्या. दुखण्यासोबत जोराचा ताप आला, मानेची कातडी सुजून दाबल्यावर आतून चुरचुरली, तर अन्ननलिकेला इजा झाल्याची शंका घ्यावी लागते. बँडिंगमध्ये हे अत्यंत विरळ आहे, पण त्यात तास मोजून उपचार करावे लागतात.

खाणं डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच सुरू करायचं. पहिला दिवस पातळ आणि गार: भाताची पेज, ताक, गाळलेलं वरण, दूध. मग नाचणीची आंबील, मऊ खिचडी, दहीभात, कुस्करलेलं केळं. हे सगळं आठवडा-दहा दिवस तरी असंच चालू द्या, कारण बँड गळण्याचे दिवस तेच आहेत. भाकरीचे कडक पापुद्रे, चिवडा, शेंगदाणे, भाजलेला पापड, तळलेले बोंबील, काट्याचे मासे, मटणाचे तुकडे, कढत चहा, हे तेवढे दिवस लांब ठेवा. गोळ्या बसून आणि घोटभर जास्त पाण्याबरोबर घ्याव्यात, घेतल्या घेतल्या आडवं होऊ नये.

इथे दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पोटातल्या पाण्यासाठी स्पायरोनोलॅक्टोन ही गोळी चालू असेल, तर रोज शहाळ्याचं पाणी पाजू नका. दोन्हींमुळे शरीरात पोटॅशियम वाढतं आणि ते हृदयाला घातक ठरू शकतं. दुसरं, मऊ आहार म्हणजे कमी आहार नव्हे. सिरॉसिसच्या रुग्णाला प्रथिनं तोडायची ही जुनी समजूत अजून घरोघरी आहे. खरं तर त्याला दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात आणि तो जास्त वेळ उपाशी राहिला तर त्याचे स्नायू झडतात. एकादशी, चतुर्थी, श्रावणातले उपवास त्याने करू नयेत, आणि रात्री झोपण्यापूर्वी काहीतरी पोटात जायला हवं. मीठ मात्र बेताचं. लोणचं आणि पापड बंद.

क्वचित असं होतं की बँड लावलेल्या जागेची सूज आणि ओढल्या गेलेल्या पडद्यामुळे अन्ननलिकेची वाटच बंद होते. बहुधा पहिल्या दोन-चार दिवसांतच ते कळतं. खूण सोपी आहे: रुग्णाला स्वतःची थुंकीसुद्धा गिळता येत नाही. अशा वेळी केळं किंवा भाताचा गोळा गिळायला लावून वाट मोकळी करायला जाऊ नका. दवाखान्यात सलाइनवर ठेवल्यावर बहुतेकांची वाट काही दिवसांत आपोआप मोकळी होते.

पाचवा ते चौदावा दिवस

बँड गळाला की त्या जागी व्रण राहतो. तो जवळजवळ प्रत्येकाला होतो आणि दोन-तीन आठवड्यांत भरून येतो. प्रश्न येतो तो व्रण खोल असला, किंवा बँड लवकर सुटला आणि खालची शीर अजून पुरती बंद झालेली नसली तर. तेव्हा रक्तस्राव होतो. बहुतेक अभ्यासांत हे प्रमाण शंभरात ३ ते ७ च्या आसपास आढळतं. आकडा लहान आहे, पण हा रक्तस्राव थांबवायला कठीण असतो आणि त्यात मृत्यूचं प्रमाण बरंच आहे, म्हणून त्याला इतकं महत्त्व.

धोका सगळ्यांना सारखा नसतो. यकृत फार बिघडलेलं, कावीळ आणि पोटात पाणी असलेला, चालू रक्तस्रावात घाईने बँड लावावा लागलेला रुग्ण, यांच्यावर जास्त लक्ष ठेवायचं. रक्तस्राव व्हायच्या आधीच खबरदारी म्हणून, ठरवून बँड लावलेल्या रुग्णाला हा धोका कमी असतो. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांना सरळ विचारा: यांना धोका कमी आहे की जास्त? हा प्रश्न फार कमी नातेवाईक विचारतात.

रक्ताची उलटी कुणाच्याही लक्षात येते. काळी शौच निसटते, कारण संडासात कोण बघतं? या दोन आठवड्यांत बघा. आधीच्या रक्तस्रावाचं पोटात उरलेलं रक्त पहिले दोन-तीन दिवस काळं पडतं, त्यात नवीन काही नाही. पण शौच एकदा पिवळी होऊन पुन्हा काळी झाली, डांबरासारखी चिकट आणि उग्र वासाची झाली, तर तो नवा रक्तस्राव समजायचा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळपट हिरवी होते, पण ती चिकट नसते आणि तिला तो वास नसतो. शंका असेल तर गोळ्यांना दोष देऊन घरी थांबू नका.

उभं राहिल्यावर घेरी, गार घाम, तोंड पांढरं पडणं, लघवी कमी होणं, या खुणा लक्षात ठेवा. नाडीवर विसंबू नका. प्रोप्रानोलॉल किंवा कार्वेडिलॉल चालू असलेल्या रुग्णाची नाडी रक्त जात असतानाही फारशी वाढत नाही. घरी नाडी मोजून ‘ऐंशीच आहे, मग ठीक आहे’ म्हणत थांबल्याने उशीर होतो.

यांतलं काही दिसलं तर रुग्णाला डाव्या कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. तोंडाने काहीही देऊ नका. बर्फ नको, लिंबूपाणी नको, औषधही नको. १०८ ला फोन करा; महाराष्ट्रात आणि गोव्यात दोन्हीकडे हाच नंबर आहे. आणि जिथे रात्रीही दुर्बीण होते आणि रक्तपेढी जवळ आहे अशाच दवाखान्यात न्या. जवळच्या छोट्या दवाखान्यात सलाइन लावून घेणं गरजेचं असेल तर घ्या, पण सकाळची वाट बघत तिथे राहू नका.

म्हणूनच माझा आग्रह असा की शहरात बँडिंग झालं की लगेच गावाकडे जाऊ नये. धडगावची, भामरागडची, वेंगुर्ल्याची माणसं लांबून आलेली असतात, खर्च झालेला असतो, घरची ओढ असते, हे सगळं खरं. तरी पहिले दोन आठवडे तरी दुर्बिणीची सोय असलेल्या दवाखान्यापासून तास-दीड तासाच्या अंतरात, नातेवाइकाकडे किंवा कुठेही, राहता आलं तर राहा. नाहीच जमलं तर गावातून कुठे जायचं हे आधीच ठरवून, पत्ता आणि फोन लिहून ठेवा. सावंतवाडीकडची माणसं बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात जातात, नंदुरबारकडची सुरतला. ज्याला जे जवळ ते त्याने हेरून ठेवावं. जड उचलणं आणि खोळंबलेली शेतीची कामं या दोन आठवड्यांत नकोत.

डिस्चार्ज कार्ड रुग्णाच्या उशाशी हवं. दुसऱ्या दवाखान्यात गेलात तर पहिलं वाक्य हेच असू द्या: अमुक तारखेला बँडिंग झालंय, इतके बँड लावलेत. नाकातून नळी घालायची वेळ आली तर तिथल्या डॉक्टरांना हे माहीत असायलाच हवं, कारण नुकत्याच बँड लावलेल्या जागेवर नळी घासणं धोक्याचं आहे.

गोळ्यांचा हिशेब

व्रण लवकर भरावा म्हणून पँटोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी थोडे दिवस देतात. तिने व्रणाचा आकार लहान राहतो. पण ‘गॅसची गोळी’ म्हणून ती वर्षानुवर्षं चालू ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे, आणि सिरॉसिसमध्ये ती फार काळ घेतली तर जंतुसंसर्गाची शक्यता वाढते. कधी बंद करायची ते विचारून घ्या.

अंगदुखीला मेडिकलमधून न विचारता आणलेली गोळी हा यापेक्षा मोठा धोका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन आणि त्यांची मिश्रणं व्रणातून रक्त आणू शकतात आणि सिरॉसिसच्या रुग्णाच्या किडनीला इजा करतात. दुखलं किंवा कणकण आली तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून, दिवसाला एकूण २ ग्रॅमच्या आत. हृदयविकारासाठी ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं दुसरं औषध चालू असेल तर ते मात्र मनाने बंद करू नका. हृदयाचे आणि पोटाचे डॉक्टर एकमेकांशी बोलतील असं बघा.

पोर्टल दाब खरोखर उतरवतात त्या प्रोप्रानोलॉल आणि कार्वेडिलॉल या गोळ्या. बँड झाले म्हणून त्या सुटत नाहीत. दम्याच्या रुग्णाला त्या चालत नाहीत, हे आधी सांगा. वरचा रक्तदाब ९० च्या खाली गेला, लघवी कमी झाली, पोटातलं पाणी वाढून रुग्ण गळून गेला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. डोस कमी करावा किंवा थांबवावा लागतो.

जठरातल्या शिरा आणि ग्लू

जठरातल्या फुगलेल्या शिरांची जगभर वापरली जाणारी वर्गवारी दिल्लीच्या डॉ. शिवकुमार सरीन यांनी मांडली. अन्ननलिकेतून खाली थोड्या उतरलेल्या शिरांना बँड चालतो. जठराच्या वरच्या घुमटात असलेल्या शिरा मात्र मोठ्या, खोल आणि भरपूर रक्ताच्या असतात. तिथे बँड सुटला तर उघडं पडलेलं तोंड आवरत नाही. म्हणून हॅम्बुर्गच्या निब सोहेंद्र यांनी १९८६ मध्ये दाखवलेली पद्धत वापरतात: सुईने शिरेत सायनोॲक्रिलेट नावाचा ग्लू सोडायचा. रक्ताला लागताच तो काही सेकंदांत घट्ट होतो आणि शीर आतून भरून टाकतो.

याच गुणात त्याचा धोकाही आहे. घुमटातल्या शिरांना बऱ्याचदा डाव्या किडनीच्या शिरेशी जोडणारी मोठी आडवाट असते. घट्ट व्हायच्या आत ग्लूचा थेंब त्या वाटेने निसटला तर तो हृदयातून फुप्फुसात जाऊन अडकतो. बारीक कण गेले तर बऱ्याचदा काही जाणवत नाही. मोठा तुकडा गेला तर उपचार चालू असताना किंवा लगेच नंतर धाप लागते, खोकला येतो, छातीत दुखतं, बोटावरचा ऑक्सिजन उतरतो. हृदयाच्या पडद्याला जन्मतः छिद्र राहिलेलं असेल तर कण मेंदूकडेही जाऊ शकतो. हात-पाय लुळे पडणं, बोबडी वळणं हे ग्लूनंतर दिसलं तर ते याच कारणाने असू शकतं. हा धोका कमी करायला डॉक्टर एका वेळी थोडाच ग्लू सोडतात, शक्य असेल तर आधी सीटी स्कॅन करून आडवाट बघतात. काही मोठ्या केंद्रांत सोनोग्राफी जोडलेल्या दुर्बिणीतून आधी धातूची कॉइल बसवतात आणि ग्लू तिच्यात अडकवतात. तातडी नसेल तर हा पर्याय आहे का, हे विचारणं योग्य आहे.

ग्लूनंतर एक-दोन दिवस हलका ताप येऊ शकतो. थंडी वाजून आलेला, दोन दिवसांपेक्षा जास्त टिकलेला ताप किंवा डाव्या बरगडीखाली नव्याने सुरू झालेली कळ घरी सहन करू नका. ग्लूला जंतुसंसर्ग झालेला असू शकतो, पाणथरीचा रक्तपुरवठा अडलेला असू शकतो.

बँडचा काळ दोन आठवड्यांचा, ग्लूचा महिन्यांचा. शिरेत घट्ट झालेला ग्लू आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हळूहळू जठरात बाहेर येतो. बहुतेकदा विनातक्रार, कधी रक्त घेऊन. त्यामुळे इथे खबरदारी लांबते. आणखी एक गोष्ट फार उपयोगाची आहे. सहा महिन्यांनी दुसऱ्या गावात दुर्बीण झाली, तर बाहेर येऊ पाहणारा ग्लू नवख्या डॉक्टरांना व्रण किंवा गाठ वाटू शकतो, आणि त्याला चिमटा लावला तर रक्तस्राव होऊ शकतो. ग्लूमध्ये मिसळलेल्या तेलकट औषधामुळे एक्स-रेवर किंवा सीटीवर पांढरे ठिपकेही दिसतात. ‘जठरात ग्लू टाकलाय’ हे तारखेसह लिहिलेला कागद पाकिटात ठेवा आणि प्रत्येक नव्या डॉक्टरांना आधी दाखवा. कॉइल बसवली असेल तर एमआरआयच्या आधी तेही सांगा.

एकट्या जठरातच शिरा आहेत आणि यकृत चांगलं आहे, असं निघालं तर स्वादुपिंडाच्या आजाराने प्लीहेची शीर बंद झाली आहे का, ते शोधतात. तिथे प्लीहा काढण्याने मूळच मिटू शकतं.

दवाखान्यातल्या त्या रात्री

काही गुंतागुंती बँड किंवा ग्लूच्या नसतात, पण रक्तस्राव झालेल्या त्याच रात्री घडतात. भळाभळा उलट्या होत असताना रक्त फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. म्हणून रुग्ण गुंगीत असेल तर दुर्बिणीआधी घशात नळी घालून श्वासाचा मार्ग सुरक्षित करतात. नातेवाइकांना नळी म्हटलं की धडकी भरते, पण इथे ती बचावासाठी असते. दुर्बीण होईल तेवढी लवकर, पण आधी रक्तदाब सावरून, साधारण बारा तासांच्या आत करतात. त्याआधीच पोर्टल दाब कमी करणारं टर्लिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइड आणि प्रतिजैविक सुरू होतं. रक्तस्राव झालेल्या सिरॉसिसच्या रुग्णाला प्रतिजैविकाने संसर्ग तर कमी होतोच, पुन्हा रक्त जाणंही कमी होतं. टर्लिप्रेसिन चालू असताना बोटं निळी पडली, पोटात कळा आल्या, धाप लागली तर नर्सना लगेच बोलवा.

रक्ताच्या बाटल्यांवरून वाद होतात. हिमोग्लोबिन ७.५ आहे आणि डॉक्टर रक्त का लावत नाहीत, असं वाटतं. बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ७ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलेल्या गटातले ९५ टक्के रुग्ण सहा आठवड्यांनी जिवंत होते, सढळ रक्त दिलेल्या गटातले ९१ टक्के. जास्त रक्त चढवलं की पोर्टल दाब वाढतो आणि शीर पुन्हा वाहते. रक्त भळाभळा जात असेल किंवा हृदयविकार असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा डॉक्टर थांबत नाहीत.

आतड्यात साठलेल्या रक्तामुळे शरीरात अमोनिया वाढतो आणि मेंदूवर परिणाम होतो. घरी आल्यावरही हे होऊ शकतं. दिवसा झोप आणि रात्री जाग, तेच तेच बोलणं, हात पुढे धरल्यावर पंजा फडफडणं, सही नीट न येणं, ही सुरुवात. रोज सकाळी रुग्णाला तारीख लिहून सही करायला लावा; अक्षर बिघडू लागलं की कळतं. लॅक्टुलोजचं औषध दिवसाला दोन-तीन मऊ शौच होतील इतकं द्यायचं. जुलाब होतील इतकं नाही, आणि बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही. झोपेच्या गोळ्या अजिबात नकोत.

बँड आणि ग्लू दोन्ही थकले तर पुढचे मार्ग आहेत. अन्ननलिकेत फुगा किंवा जाळीची नळी बसवून थोडे दिवस रक्त दाबून धरता येतं, आणि मानेच्या शिरेतून जाऊन यकृतातच नवी वाट करून दाब उतरवणारी टिप्स ही प्रक्रिया मोठ्या शहरांतल्या काही केंद्रांत होते. तिने दाब खरोखर कमी होतो, मात्र नंतर मेंदूवर परिणाम होण्याचं प्रमाण वाढतं. यकृत फार खराब असलेल्यांच्या बाबतीत हा निर्णय पहिल्या तीन दिवसांत घ्यावा लागतो, म्हणून डॉक्टरांनी मोठ्या केंद्रात हलवायला सुचवलं तर ते टाळू नका. खर्चाची चिंता असेल तर महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला दाखल होतानाच विचारा. डिस्चार्जच्या दिवशी विचारून उपयोग नसतो.

पुढची तारीख

एकदा बँड लावून शिरा संपत नाहीत. दर दोन ते चार आठवड्यांनी दुर्बीण करून, उरलेल्या शिरांना बँड लावत, त्या पुरत्या नाहीशा होईपर्यंत फेऱ्या कराव्या लागतात. मग काही महिन्यांनी आणि पुढे सहा महिने ते वर्षाने पुन्हा बघतात, कारण दाब तसाच असल्याने शिरा परत येतात. सोडून दिलेल्या मधल्या फेऱ्या महाग पडतात: बरं वाटतंय म्हणून तिसरी तारीख चुकते, आणि पुढची भेट अपघात विभागात होते. प्रत्येक फेरीनंतर पाचवा ते चौदावा दिवस पुन्हा येतो, हेही विसरू नका. लग्न, यात्रा, लांबचा प्रवास त्या दिवसांत धरू नका. प्रक्रियेच्या दिवशी गुंगीचं औषध दिलेलं असेल तर रुग्णाने गाडी चालवू नये, कागदपत्रांवर सह्या करू नयेत.

दारू हे कारण असेल तर ती पूर्ण बंद. कमी करून भागत नाही. दारू सुटली की काही महिन्यांत पोर्टल दाब उतरू शकतो. ती सोडवताना घरच्यांनी ओरडून फारसं काही साधत नाही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा मराठीत होतात, पुण्यात मुक्तांगणसारखी केंद्रं आहेत, सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. मात्र रोज पिणाऱ्याने एकदम, स्वतःच्या मनाने बंद केली तर झटके येऊ शकतात, म्हणून पहिला आठवडा डॉक्टरांच्या देखरेखीखाली जायला हवा. हेपॅटायटिस बी किंवा सी असेल तर त्याची औषधं आहेत आणि सी तर बहुतेकांत पूर्ण बरा होतो. तो रिपोर्ट झाला नसेल तर पुढच्या फेरीच्या आधी करून घ्या आणि दुर्बिणीला जाताना सोबत न्या.